हात बसल्यानंतरचं विणकाम

सतरा-अठरा वर्षं दोन सरळ सुयांवर स्वेटर विणून झाल्यावर मी पहिल्यांदा गोल सुईवर टोपी विणायला घेतली. लोकर नेहमीची, सुईचं माप नेहमीचं, विणणारीही मीच; तरी टोपीचं कापड माझ्या स्वेटरांसारखं दिसेना. टोपीवरचे टाके मोकळे, एकावर एक नीट बसलेले. स्वेटरवरचे मात्र एकाआड एक ओळीत पायाशी पीळ पडल्यासारखे. शेवटी भिंग घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. उलट टाका घेताना मी लोकर सुईवरून न आणता खालून, जवळच्या वाटेने घेत होते. त्यामुळे टाका सुईवर उलटा बसायचा, आणि पुढच्या सुलट ओळीत सवयीने पुढून सुई घातली की पिळायचा. गोल टोपीत सगळ्या फेऱ्या सुलटच, उलट ओळ येतच नाही, म्हणून तिथे पीळ नव्हता. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

हात एकदा बसला की आपण त्याच्याकडे बघणं सोडतो. टीव्ही बघत, गप्पा मारत बाही पूर्ण होते, याचा अभिमान असतो आणि तो रास्तच आहे. पण दहा-वीस वर्षं विणणाऱ्याचं शिकणं थांबतं ते इथेच. नवनवीन डिझाइनं करून फारसं काही बदलत नाही, कारण त्या डिझाइनांमध्येही हात जुन्याच वाटेने जातो. खाली दिलेला क्रम मी स्वतःवर वापरलेला आहे. साधारण वर्षभराचा अभ्यास समजा. घाई करण्यासारखं यात काही नाही.

आधी स्वतःचा हात तपासा

मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, साधी लोकर घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत. ३० टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा २४ ओळींचा तुकडा विणा. मग त्याच लोकरीने, त्याच मापाच्या गोल सुईवर किंवा मोज्यांच्या सुयांवर, ४८ टाक्यांची नळी २४ फेऱ्या विणा. दोन्ही धुऊन वाळवा आणि शेजारी ठेवून बघा.

पहिली गोष्ट बघायची ती टाक्याची बैठक. सुईवरच्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात. सामान्य पद्धतीत उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला असतो. तुमच्या उलट ओळीनंतर तो मागे गेलेला दिसला, तर तुम्हीही माझ्यासारखी लोकर खालून घेता. ही चूक आहे असं मानू नका. जगात बरेच जण असंच विणतात, आणि त्यांचा उलट टाका घट्ट व एकसारखा येतो. फक्त पुढच्या सुलट ओळीत सुई मागच्या बाजूने, म्हणजे उजव्या पायातून घालायची, की पीळ जातो. अडचण येते ती टाके कमी करताना. ‘दोन एकत्र सुलट’ असं लिहिलेलं असतं ते सामान्य बैठक गृहीत धरून, त्यामुळे तुमची घट पिळलेली तरी येते नाहीतर भलतीकडे झुकते. अशा जागी दोन्ही टाके आधी फिरवून नीट बसवा आणि मग एकत्र विणा.

दुसरी गोष्ट दिसते सपाट तुकड्याच्या उलट बाजूला. तिथले उंचवटे दोन-दोनच्या जोडीने जवळ आले असतील आणि मध्ये फट असेल, तर तुमच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल आहेत. हे फार जणांच्या बाबतीत घडतं. उलट ओळीसाठी पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक सुई वापरून पाहा. टोकं बदलता येणारी गोल सुई असेल तर एका बाजूला एक माप, दुसऱ्या बाजूला दुसरं. नाहीतर वर सांगितलेली खालून लोकर घेण्याची पद्धत मुद्दाम शिका. तिला लोकर कमी लागते, म्हणून ओळ आपोआप घट्ट होते.

तिसरं म्हणजे नळीत आणि सपाट तुकड्यात १० सेंटिमीटरमध्ये टाके किती बसतात ते मोजा. दोन्ही आकडे सारखे येतील अशी खात्री बाळगू नका. माझ्यात जवळजवळ एका टाक्याचा फरक निघाला, आणि जुन्या टोप्या घट्ट का व्हायच्या ते तेव्हा कळलं.

वही ठेवा, मिलिमीटरमध्ये लिहा

हे थोडक्यात. प्रत्येक नमुन्याला एक पान द्यायचं: लोकर कोणती, सुई किती मिलिमीटरची, धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं माप, काय फसलं. सुईचा क्रमांक लिहून भागत नाही. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकन पद्धतीत तीच ८ क्रमांकाची ५ मिलिमीटरची. शिवाय ब्रिटिश क्रमांक वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन वाढला की जाड. नमुन्याचा तुकडा उसवू नका, पानालाच टाचून ठेवा. लोकर वाया जाते असं वाटेल. वाया जाऊ दे.

मुद्दाम मोडा, मग दुरुस्त करा

माझ्या मते मुरलेल्या हाताने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच, आणि नेमकी हीच राहून गेलेली असते. चूक दिसली की आपण निमूटपणे उसवतो. चाळीस ओळी उसवायला जीव होत नाही म्हणून कधी ती तशीच सोडून देतो. ज्याला कापड मध्येच उघडून परत मिटवता येतं, त्याची भीती जाते. मग अवघड डिझाइनं आपोआप सोपी वाटू लागतात.

वेणीपासून सुरुवात करा. १४ टाके घाला: चार उलट, मधले सहा सुलट, चार उलट. दर आठव्या ओळीला सहा टाक्यांची वेणी घाला (तीन टाके पुढच्या तिघांवरून ओलांडून विणायचे), आणि तिसऱ्या वेळी ती जाणूनबुजून उलट्या बाजूला वळवा. आणखी सात-आठ ओळी विणा. आता मधले सहा टाके सुईवरून काढा आणि फक्त तेवढेच, चुकलेल्या ओळीपर्यंत सुटू द्या. आजूबाजूचे टाके सुईवरच राहतात. समोर आडव्या दोऱ्यांची शिडी तयार होईल. सहा मोकळे टाके तीन-तीन करून दोन मोज्यांच्या सुयांवर घ्या, बरोबर बाजूला ओलांडून ठेवा, आणि सगळ्यात खालच्या दोऱ्यापासून एकेक दोरा घेत त्या सहा टाक्यांची ओळ विणत वर या. दोन्ही कडांचे टाके थोडे ओढले जातील, मधले सैल वाटतील. सुईच्या टोकाने दोरा इकडून तिकडे सरकवत ताण वाटून द्या; उरलेलं धुतल्यावर बसतं. पहिल्या प्रयत्नात जाळं होईल. तिसऱ्या प्रयत्नात, कुठली वेणी दुरुस्त केली ते तुम्हालाही शोधावं लागेल.

मग जाळीची वीण. जाळीत टाका सुटला की तो सरळ खाली जात नाही, घटींमधून वाट काढत पसरतो. इथे मागाहून घातलेला रक्षक दोरा, म्हणजे उसवणं अडवून धरणारा दोरा किंवा सुई, कामी येतो. चुकीच्या खालची एक साधी उलट ओळ निवडा, जिच्यात ना भोक आहे ना घट. बारीक सुई घेऊन त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलत शेवटपर्यंत जा. टाके मोजा. आकडा जुळला की वरची सुई काढून बिनधास्त उसवा; उसवणं त्या सुईवर येऊन थांबतं. भोकाच्या वरचा टाका चुकून सुटण्याचा धोका सर्वात जास्त, म्हणून मोजल्याशिवाय उसवायचं नाही.

तिसरा सराव शिवणीचा, म्हणजे दोन तुकडे सुईदोऱ्याने, विणल्यासारखेच जोडण्याचा. ‘पुढचा टाका सुलट काढा, पुढच्यात उलट घाला’ हा मंत्र पाठ करून मोज्याचा अंगठा बंद करणारे पुष्कळ आहेत. मंत्र तोंडी असला तरी रिब (सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्यांची वीण) आली की गाडी अडते. पाठांतर सोडा. आठ ओळी विणा, एक ओळ वेगळ्या रंगाच्या लोकरीने विणा, परत आठ ओळी. मग मोठ्या डोळ्याच्या बोथट सुईत मूळ रंगाची लोकर ओवून त्या रंगीत ओळीच्या वाटेने, तिला बिलगून जात राहा. शेवटी रंगीत दोरा काढून टाका. हेच उलट बाजूने, रिबमध्ये, दोन्हीकडून सुलट विणलेल्या कापडात करा. टाका कुठून येतो, कुठून वळतो हे डोळ्यांना दिसलं की मंत्राची गरज उरत नाही. एक बारकावा: दोन तुकडे डोक्याला डोकं लावून जोडले तर टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या विणीत हे दिसत नाही, रिबमध्ये लगेच दिसतं. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही; टाक्याचा आकारच तसा आहे.

पहिली आणि शेवटची ओळ

बहुतेकांना टाके घालण्याची एक पद्धत येते आणि बंद करण्याची एक. टाके घालण्याच्या चार शिका, बंद करण्याच्या यातल्या पहिल्या दोन: एक ताणली जाणारी, एक भक्कम, एक तात्पुरती (नंतर उसवून टाके मोकळे करता येतात अशी), आणि एक दोन्ही बाजूंनी विणता येणारी. या शेवटच्या प्रकारातली जुडी बेकर यांची पद्धत २००६ मध्ये पुढे आली आणि अंगठ्यापासून मोजा विणणाऱ्यांचं काम फार सोपं झालं. इतकी जुनी कला, आणि टाके घालण्याची नवी रीत आत्ता-आत्ता सापडते, याची मला अजून गंमत वाटते. सगळ्या पद्धती एकाच लोकरीत, वीस-वीस टाक्यांवर करून ताणून बघा आणि कुठली किती ताणते ते वहीत लिहा. गळा डोक्यातून जात नाही या तक्रारीचं मूळ बहुधा शेवटच्या ओळीत असतं.

आकडेमोड स्वतः करा

दुसऱ्याने लिहिलेले टाके विणणं आणि आपले टाके आपण ठरवणं यांत फार अंतर आहे. हे गणित शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे जात नाही.

समजा डिझाइनमध्ये १० सेंटिमीटरला २२ टाके आहेत आणि छाती ९६ सेंटिमीटर. म्हणजे सुमारे २११ टाके. तुमच्या हातात २१ च बसतात, ‘एकच तर टाका’ म्हणून तुम्ही पुढे गेलात, तर तेच २११ टाके साडेशंभर सेंटिमीटर भरतील. साडेचार सेंटिमीटर ढगळ. म्हणूनच नमुना निदान १५ सेंटिमीटरचा विणा आणि मधल्या भागात मोजा. कडेचे टाके खोटं बोलतात.

आता बाही. मनगटाशी ५२ टाके आहेत, दंडाशी ८४ हवेत. फरक ३२, एका वेळी दोन्ही कडांना एकेक वाढवायचा, म्हणजे १६ वेळा. बॉर्डरनंतर बाहीची लांबी ४० सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटरला ३० ओळी, म्हणजे १२० ओळी. वरच्या १२ ओळी सरळ ठेवल्या तर उरल्या १०८. १०८ ला १६ ने भागलं तर पावणेसात येतात, आणि पावणेसाताव्या ओळीला कुणी वाढवू शकत नाही. वाढ सुलट ओळीतच हवी, म्हणून दोन सम आकडे घ्या, ६ आणि ८. दहा वेळा दर सहाव्या ओळीला (६० ओळी), सहा वेळा दर आठव्या ओळीला (४८ ओळी). बेरीज १०८. बस्स.

हे जमलं की जपानी आलेखांची दारं उघडतात. त्यात शब्द जवळजवळ नसतात. कपड्याची आकृती, मापं, आणि कडेला ‘६-१-१०’, ‘८-१-६’ असे आकडे: इतक्या ओळींनी, इतके टाके, इतक्या वेळा. आपण आत्ता काढलेली बाहीच ती. हे आकडे खालून वर वाचायचे, कारण विणकामही तसंच वर चढतं. भाषा येत नाही म्हणून मी ही डिझाइनं वर्षानुवर्षं बाजूला ठेवली होती.

कडेचे टाके उचलणंही याच गणितात बसतं. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी असतील, तर उभ्या कडेवर ३० ओळींमागे २२ टाके उचलायचे, म्हणजे ढोबळमानाने चार ओळींना तीन. बटणपट्टी लाटेसारखी फुगते किंवा कड आत ओढली जाते ती हे प्रमाण बिघडल्यामुळे.

पुढची पायरी म्हणजे डिझाइनशिवाय अख्खा स्वेटर. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिकेने टक्क्यांची एक रीत रूढ केली. अंगाचे टाके १०० टक्के धरायचे. मनगट साधारण २०, बाहीचा वरचा घेर ३३ ते ३५, काखेत बाजूला ठेवायचे टाके ८, गळा ४० टक्के. अंगाला २०० टाके असतील तर मनगटाला ४०, बाहीला ६६ ते ७०, काखेत १६, गळ्याला ८०. शरीरं टक्केवारीने घडत नाहीत, हे लक्षात ठेवूनच ती वापरायची. मोठ्या छातीच्या व्यक्तीचं मनगट काही त्या प्रमाणात मोठं नसतं. पण सुरुवात करायला हाताशी आकडे येतात, आणि कुठे बदलायचं ते विणताना कळतं.

घरात हमखास अंगावर चढणारा एखादा स्वेटर असेलच. तो सपाट पसरून मापं घ्या, टाके मोजा, खांद्याचा उतार किती ओळींत आणलाय ते बघा, आणि त्याची आकृती वहीत काढा. दहा नव्या डिझाइनांनी शिकवलं नसेल इतकं ही एक संध्याकाळ शिकवते.

परका हात

आता थोडं अपमानास्पद काम. लोकर ज्या हातात धरता, त्याच्या दुसऱ्या हातात धरून विणा. उजव्या हाताने लोकर फेकणाऱ्यांनी डाव्या बोटावर घ्यावी, डाव्यांनी उलट. पहिले तीन दिवस आपण सहा वर्षांचे आहोत असं वाटेल. रोज दहा मिनिटं, फक्त सुलट, दोन्हीकडून. आठवडाभर थांबा, मग उलट टाका घ्या.

याचा सरळ फायदा दोन रंगांच्या विणीत होतो: एक रंग उजव्या हातात, एक डाव्या, आणि गुंता नाही. तिथेही बघण्यासारखं काही आहे. मागून जाणाऱ्या दोन दोऱ्यांपैकी जो खालून जातो, त्याचे टाके किंचित मोठे होतात आणि तो रंग पुढे उठून दिसतो. म्हणून नक्षीचा रंग कायम खालून न्यायचा आणि मध्येच बदलायचा नाही. एकाच पट्टीत अर्ध्यावर मुद्दाम अदलाबदल करून बघा. नक्षी अचानक पुसट होते.

लोकर मानेभोवती घेऊन विणण्याची पोर्तुगीज रीतही करून पाहण्यासारखी आहे. तिच्यात उलट टाका अंगठ्याच्या एका हलक्या झटक्याने होतो, त्यामुळे भरपूर उलट टाके असतील तिथे मनगटाला आराम. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज भागातही मानेभोवती लोकर घेतात. तिथल्या तितिकाका सरोवरातल्या ताकीले बेटावर टोप्या विणणं हे पुरुषांचं काम. बेटाच्या वस्त्रकलेला २००५ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

लोकर उलगडून बघा

हा भाग हातांपेक्षा बोटांच्या टोकांचा. लोकरीचा वीतभर तुकडा घ्या, पीळ उलगडा, किती धागे आहेत ते मोजा. एकधागी लोकर मऊ, पण घासली की गोळे धरते. अनेक धाग्यांची, पक्क्या पिळाची लोकर गोल असते आणि वेणीची वीण तिच्यात उठून दिसते. मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीच्या तंतूंवरचे खवले काढलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून ती आटत नाही, पण ओली झाली की पसरते. अल्पाका उबदार, मात्र लवचीकपणा कमी. जड स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली येतो. असा नमुना धुऊन उभा टांगा, खालच्या कडेला कपडे वाळवायचे चिमटे लावा, दोन दिवसांनी मोजा. स्वेटर गुडघ्यापर्यंत आल्यावर कळण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

शेवटी कात्री

विणलेलं कापड मधोमध कापायचं. उत्तर समुद्रातल्या शेटलंड बेटांवर पुढून उघडा स्वेटरसुद्धा गोल नळीसारखा विणून मग कापण्याची रीत आहे, कारण दोन रंगांची नक्षी उलट ओळीत विणणं कटकटीचं. तिथली लोकर खरखरीत, तंतू एकमेकांना चिकटून राहतात, म्हणून कापलेली कड सहजासहजी उसवत नाही. मशीनमध्ये धुता येणारी लोकर, सुती दोरा किंवा रेशीम इथे अजिबात नको.

स्वेटरवर थेट प्रयोग करू नका. दोन रंगांत ६० टाक्यांची नळी ३० फेऱ्या विणा आणि त्यातले सात टाके कापण्यासाठी राखून ठेवा. या सात टाक्यांत दर टाक्याला रंग बदला, म्हणजे लांब दोरे लोंबणार नाहीत. नळी धुऊन वाळवा. मधला, म्हणजे चौथा टाका, हा कापायचा रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना क्रोशाच्या सुईने, वेगळ्या रंगाच्या बारीक लोकरीने उभी साखळी घाला. डाव्या बाजूला तिसऱ्या टाक्याचा एक पाय आणि चौथ्याचा शेजारचा पाय एकत्र पकडायचा, उजव्या बाजूला चौथ्याचा दुसरा पाय आणि पाचव्याचा. साखळ्या ओढल्या की दोन्हींच्या मधोमध आडव्या दोऱ्यांची शिडी उघडी पडते. नळीच्या आत जाड पुठ्ठा सरकवा, नाहीतर मागची बाजूही कापली जाईल. हा सल्ला अनुभवाचा आहे. छोटी, धारदार कात्री घेऊन एकेक पायरी कापत वर जा.

कापून झाल्यावर कड दोन्ही हातांनी ओढून बघा, चुरगाळा, पुन्हा धुवा. मग त्याच कडेवर टाके उचलून बटणपट्टी विणा, चार ओळींना तीन टाके हे प्रमाण तुमच्या नमुन्यावर ताडून. दोन रंगांच्या विणीत टाके आणि ओळी जवळजवळ सारख्या पडतात, त्यामुळे इथे ते प्रमाण बहुतेक वेळा बदलावं लागतं.